चिमठाण्याचा खजिना आणि आपले फोन

या वीकेंडचा विषय जरा जड आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. सुरुवात मात्र एका दरोड्यापासून करू, म्हणजे कंटाळा येणार नाही.

तारीख १४ एप्रिल १९४४. तेव्हाचा पश्चिम खानदेश, म्हणजे आताचा धुळे-नंदुरबारचा भाग. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना चालला होता. सोबत अर्थातच पोलीस होते. शिंदखेडा तालुक्यात चिमठाणे गावाजवळ तो अडवला गेला आणि सुमारे साडेपाच लाख रुपये पळवले गेले. १९४४ चे साडेपाच लाख! लुटणारे कोण? डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथीदार. पैसा लागला भूमिगत चळवळीला, साताऱ्याच्या प्रतिसरकारला. कायद्याच्या नजरेत हा सरळसरळ सशस्त्र दरोडा होता. आज चिमठाण्याजवळ त्याचं स्मारक आहे.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण असो) त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' नावाचं जहाज फुटलं. त्यात स्फोटकं आणि कापूस शेजारी शेजारी भरलेला होता. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. आणि ही बातमी जगाला पहिल्यांदा कुणी सविस्तर सांगितली? दुसऱ्या दिवशी, जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगावने! इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची परवानगी सेन्सॉरने दिली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे जी गोष्ट शत्रूला चोवीस तासांत कळली होती, ती तीन-चार आठवडे 'गुप्त' राहिली. कुणापासून, ते तुम्हीच ठरवा.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्ही एकाच राजवटीत, एकाच दिवशी घडल्या, आणि त्या राजवटीच्या हातात पाळतीचे आणि गुप्ततेचे जेवढे अधिकार होते तेवढे त्याआधी क्वचितच कुणाच्या हातात असतील. दहशतवाद, फोन टॅपिंग, प्रायव्हसी यावरच्या आपल्या आजच्या वादाचं मूळ मला तिथे दिसतं. म्हणून हा लेख.

*

तेव्हाच्या सरकारकडे काय काय होतं, त्याची यादी करू. १८८५ चा टेलिग्राफ कायदा: तारा अडवायच्या, वाचायच्या. १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा: पत्रं फोडायची. दोन्हींत शब्द जवळपास तेच, 'सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी'. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहेत. १८६७ चा गावपोलीस कायदा: गावोगावचा पोलीस पाटील हा सरकारचा कान. आणि महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ चे भारत संरक्षण नियम, म्हणजे या सगळ्यावर कळस. त्यातल्या २६ व्या नियमाखाली कुणालाही खटल्याशिवाय आत टाकता येई.

या २६ व्या नियमाला आव्हान दिलं एका मराठी माणसाने, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. केशव तळपदे हे त्यांचं नाव. प्रकरण मुंबई हायकोर्टातून दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेलं. २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी निकाल दिला की मूळ कायदा जेवढा अधिकार देतो त्यापेक्षा हा नियम जास्त अधिकार घेतो, सबब तो अवैध. भर युद्धात, इंग्रज सरन्यायाधीश, इंग्रज सरकारच्या विरुद्ध! मग सरकारने काय केलं? सहा दिवसांत, २८ एप्रिलला, वटहुकूम काढला आणि नियम मागच्या तारखेपासून वैध करून टाकला. बग सापडला, हॉटफिक्स टाकला, विषय संपला.

एवढं सगळं हाताशी असूनही एका वर्षाने चिमठाण्याचा खजिना गेलाच. नाना पाटील १९४२ पासून १९४६ पर्यंत भूमिगत राहिले, डोक्यावर बक्षीस लावूनही सापडले नाहीत. कारण कायद्याने कान मिळाले तरी त्या कानात सांगणारी माणसं लागतात, आणि गावं बोलायला तयार नव्हती. खानदेशातल्या गावात नवा माणूस दिसला की पारावरून प्रश्न येतोच, 'कोन शे रे भो?' गावाची नजर पोलिसांपेक्षा तीक्ष्ण असते. पण गाव ज्याला बघतं तोही गावाला बघत असतो, आणि पाहिलेलं कुणाला सांगायचं हे गाव ठरवतं. सरकारी पाळतीत हे दोन्ही नसतं. कोण बघतंय ते आपल्याला दिसत नाही आणि पाहिलेलं कुठे जातं तेही कळत नाही.

इथे तुम्ही म्हणाल, थांब जरा. प्रतिसरकारवाले आणि लोकलमध्ये बॉम्ब ठेवणारे एकाच मापाने मोजतोस की काय? अजिबात नाही. सरकारी तिजोरी लुटणं आणि सात डब्यांत कुकर ठेवून ऑफिसातून घरी निघालेल्या माणसांच्या चिंधड्या उडवणं यांची तुलना करणं हा निव्वळ गाढवपणा होईल. मुद्दा वेगळा आहे. कायद्याला माणसाचा हेतू वाचता येत नाही. जो अधिकार आपण अतिरेक्यासाठी देतो तो त्याच शब्दांत बाकी सगळ्यांनाही लागू होतो, आणि तो अधिकार ज्याच्या हातात आहे त्याला कोण तपासतो यावर सगळं अवलंबून राहतं. चिमठाण्यापासून पुढच्या ऐंशी वर्षांत आपल्याकडे भांडण झालं ते 'पाळत हवी की नको' यावर. 'पाळत ठेवणाऱ्याला कोण तपासणार' हा प्रश्न दर वेळी राहूनच गेला.

*

ज्यांच्यावर पाळत होती ते सत्तेत आल्यावर काय झालं, हे बघू. १९३६ साली जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्यासाठी देशव्यापी संघटना उभी राहिली, रवींद्रनाथ ठाकूर तिचे अध्यक्ष. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, आणि अध्यक्ष नेहरूच. ती पिढी नागरी स्वातंत्र्याची भाषा पुस्तकात वाचून बोलत नव्हती. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. तुरुंग म्हणजे काय, फोडलेलं पत्र हातात येणं म्हणजे काय, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

मग घटना लिहायची वेळ आली. पत्रव्यवहाराची गुप्तता आणि घराची अभेद्यता हे हक्क सुरुवातीच्या मसुद्यांत होते. कन्हैयालाल मुन्शींनी ते सुचवले होते, आणि बाबासाहेबांच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येही मनमानी झडतीविरुद्धचं संरक्षण आहे. कायदेपंडितांनी हरकत घेतली, तपासाला अडथळा येईल म्हणाले, आणि ते गळालं. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडती-जप्तीच्या विरोधातली दुरुस्ती पुन्हा मांडली. बाबासाहेब ती स्वीकारायला तयार होते. फौजदारी कायद्यात हे आहेच, पण कुठल्याही विधिमंडळाला हात लावता येणार नाही अशा जागी ते ठेवावं, असा त्यांचा सूर होता. सभागृहात गोंधळ झाला, विषय पुढे ढकलला गेला आणि शेवटी दुरुस्ती पडली. एका मतदानाने काय फरक पडला? तेच सांगायला सुप्रीम कोर्टाला पुढे जवळपास सत्तर वर्षं लागली.

टेलिग्राफ कायदा तसाच राहिला. पोस्टाचा कायदाही तसाच. खटल्याशिवाय स्थानबद्धता तर थेट घटनेच्या २२ व्या कलमात जाऊन बसली.

'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग मला काय?' असं आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर उत्तर म्हणून एक गोष्ट पाठ करून ठेवली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच संशयित ठरवल्या गेल्या. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना सांगून जायचं. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंटच होती. त्या कुंपणाआड जन्मलेल्या पारध्याच्या पोराकडे तरी लपवण्यासारखं काय होतं? ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आणि ठाण्यातल्या याद्या राहिल्या. पाळत सगळ्यांवर सारखी पडत नाही. तुमच्या-माझ्या वाट्याला ती क्वचित येते, म्हणून आपल्याला तिचं ओझं जाणवत नाही, एवढंच.

*

पुढची काही दशकं पटकन पार करू.

१९६२, खडक सिंग खटला. पोलिसांनी रात्री-अपरात्री दार ठोठावणं चूक, पण बाकी पाळत चालेल, कारण घटनेत प्रायव्हसीचा हक्कच नाही, असं बहुमताने ठरलं. न्यायमूर्ती सुब्बा राव अल्पमतात.

१९७२, मलकाणी खटला, थेट मुंबईचा. एका डॉक्टरकडे लाच मागितली गेली, पोलिसांनी डॉक्टरच्या संमतीने फोनवरचं बोलणं टेप केलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, चालेल. पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो खरा आणि संबंधित आहे का ते बघू. निरपराध नागरिकाच्या फोनला मात्र संरक्षण राहील, असंही म्हणालं. निरपराध कोण हे फोन ऐकण्याआधी कसं ठरवायचं, हे नाही सांगितलं.

१९७५, आणीबाणी. मिसाखाली हजारो लोक आत. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात दाद मागता येणार नाही. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे विरोधात राहिले ते हंसराज खन्ना. हे लक्षात ठेवा, याचा दुसरा भाग पुढे आहे.

१९८६, पोस्टाचं दुरुस्ती विधेयक. पत्रं फोडायचे अधिकार वाढवणारं. संसदेत मंजूर झालं, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केलीच नाही. नुसतं ठेवून दिलं टेबलावर! सरकारी कामातल्या दिरंगाईचा एवढा चांगला उपयोग क्वचितच झाला असेल :-)

१९८५ ते १९९५, टाडा. देशभरात सुमारे ७६ हजार लोक पकडले गेले आणि शिक्षा झालेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली राहिलं. पण याच टाडाखाली १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांचा खटला चालला, २५७ जणांच्या मृत्यूचा, आणि त्यात विशेष न्यायालयाने १०० जणांना दोषी ठरवलं. म्हणजे हत्यार बोथट नव्हतं. ते भलत्यासलत्यांवर चालवलं गेलं.

१९९६, पीयूसीएल खटला. फोन टॅपिंगवर सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा नियम घातले. आदेश गृहसचिवाचा हवा, त्याला मुदत दोन महिन्यांची, वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि वर आढावा समिती. १११ वर्षं जुन्या कायद्याला पहिल्यांदा लगाम लागला.

*

आता येतो मकोका. आपल्या महाराष्ट्राचा, १९९९ चा. मुंबईतल्या टोळ्यांसाठी केला, पण पुढे दहशतवादाच्या खटल्यांत सर्रास वापरला गेला. मकोका म्हटलं की लोकांना जामीन न मिळणं आणि पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब एवढंच आठवतं. पण त्यातली कलमं १३ ते १६ आणि २७ वाचा. (खरंच वाचा, सात-आठ मिनिटांचं काम आहे.)

पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने लेखी अर्ज करायचा. परवानगी द्यायची ती गृहखात्यातल्या सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने. मुदत ६० दिवसांची. अगदी तातडी असेल तर वरिष्ठ पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो, पण ४८ तासांत नियमित अर्ज हवा. प्रत्येक आदेश मुख्य सचिवांच्या समितीसमोर दहा दिवसांत तपासला गेला पाहिजे. टॅप केलेलं बोलणं पुराव्यात आणायचं तर आरोपीला अर्जाची आणि आदेशाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी मिळाली पाहिजे. बेकायदा टॅपिंग केलं तर अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. आणि कलम २७: वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, किती तातडीचे, याचा अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दर वर्षी ठेवायचा.

कायदा म्हणून हे लिखाण खरोखर चांगलं आहे. १८८५ च्या कायद्यात यातलं काही नव्हतं. मुंबई हायकोर्टाने २००३ मध्ये ही टॅपिंगची कलमं रद्द केली, कारण टेलिग्राफ हा केंद्राचा विषय. १ सप्टेंबर २००८ ला सुप्रीम कोर्टाने ती पुन्हा वैध ठरवली. प्रायव्हसीवर घाला पडतो हे मान्य, पण कायद्यात पुरेशी कुंपणं आहेत, असा त्या निकालाचा आशय.

आणि तीन महिन्यांत २६/११ झालं.

पाळत का हवी याचं सगळ्यात भक्कम उदाहरण त्याच रात्रीचं आहे. एटीएसने अतिरेक्यांचे नंबर शोधून काढले आणि सीमेपलीकडून त्यांना सूचना देणाऱ्यांचं बोलणं ऐकलं, रेकॉर्ड केलं. १६६ माणसं गेली. पण कट कुठे शिजला याचा पुरावा त्या टेपमुळे हाती आला, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सुप्रीम कोर्टाने त्यावर भर दिला. तेव्हा 'फोन ऐकणं म्हणजेच हुकूमशाही' असं म्हणणाऱ्या मित्रांनी ही टेप विसरू नये.

पण त्याच हल्ल्यानंतरच्या राम प्रधान समितीने आणखी एक गोष्ट नोंदवली, ती आपण विसरतो. हल्ल्याच्या आधी इशारे आले होते. ते नीट हाताळायची व्यवस्थाच नव्हती. डेटा होता, प्रोसेसिंग नव्हतं. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जी टीम आलेले अलर्ट बघत नाही, तिला दहापट अलर्ट देऊन काय होणार?

*

आता दुसरी बाजू. ११ जुलै २००६, पश्चिम रेल्वे, अकरा मिनिटांत सात स्फोट, १८० हून जास्त मृत्यू. मकोकाखाली खटला चालला. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने सगळ्याच्या सगळ्या बारा जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब, ओळख परेड, जप्ती, काहीच टिकलं नाही. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात बोलावलं नाही. बारांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच वारला होता.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार बोचते. आरोपींच्या फोनच्या कॉल नोंदी मिळाव्यात म्हणून वर्षानुवर्षं झगडत होते ते बचाव पक्षाचे वकील! तुम्ही त्या दिवशी कुठे होतात, कुणाशी बोललात, हे सांगणाऱ्या नोंदी. पाळतीची साधनं सरकारच्या हातात असतात तेव्हा त्यातलं कोर्टासमोर काय आणायचं आणि काय नाही, हेही तेच ठरवतात. म्हणजे जी नोंद तुम्हाला अडकवू शकते, तीच तुम्हाला सोडवू शकत असली तर ती मागायला तुम्हाला भांडावं लागतं.

शिंदखेड्याहून धुळ्याला येऊन आग्रा रोड पकडला की मालेगाव काही फार लांब नाही. तिथे ८ सप्टेंबर २००६ ला स्फोट झाले, मुसलमान नऊ जण पकडले गेले, आणि २०१६ मध्ये ते दोषमुक्त झाले. तिथेच २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा स्फोट, सहा मृत्यू. या वेळी पकडले गेलेले हिंदू. सतरा वर्षांनी, ३१ जुलै २०२५ ला, विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. तुमचा राजकीय कल कुठेही असो, यातला एक तरी निकाल तुम्हाला चीड आणेल. पण ही सगळी प्रकरणं एका ओळीत ठेवून बघा. ज्यांची माणसं गेली त्यांना 'कुणी केलं' याचं उत्तर मिळालं नाही, आणि ज्यांना पकडलं त्यांची उमेदीची वर्षं गेली. कडक कायदा होता, टॅपिंगचे अधिकार होते, तरी दोन्ही बाजूंची माणसं रिकाम्या हाताने कोर्टाबाहेर आली.

*

मग अडलं कुठे? मला वाटतं, आढावा या एका शब्दाशी.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण हे नाव मुंबईकरांना १९९२-९३ च्या दंगलींच्या अहवालामुळे माहीत आहे. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मध्ये डेटा संरक्षणावर अहवाल दिला. त्यात एक आकडा आहे: केंद्राची टॅपिंग आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. चला, गणित करू. समजा समिती सलग आठ तास बसली, चहासुद्धा घेतला नाही. २८,८०० सेकंद. भागिले १५,०००. एका आदेशाला दोन सेकंदही नाहीत. दोन सेकंदांत तर फाइलचं नावही वाचून होत नाही. आणि अर्ज सरकारचा, मंजुरी सरकारची, आढावाही सरकारच्याच सचिवांचा. स्वतःचा कोड स्वतःच अप्रूव्ह करून प्रॉडक्शनला टाकणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो?

कोर्टात प्रकरण पोचलं तर चित्र बदलतं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. त्यातला मुख्य निकाल लिहिला धनंजय चंद्रचूड यांनी, आणि १९७६ चा आपल्या वडिलांचा निर्णय गंभीरपणे चुकीचा होता असं त्यात लिहून ठेवलं. (हाच तो दुसरा भाग.) दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाचे फोन टॅप करण्याचे केंद्राचे तीन आदेश रद्द केले. आरोप लाचेचा होता. यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे, सार्वजनिक सुरक्षितता कुठे आहे, असं कोर्टाने विचारलं आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. पण कोर्टात जायला आधी आपला फोन टॅप झालाय हे कळावं लागतं. या माणसाला कळलं, कारण खटला झाला. ज्यांच्यावर खटलाच होत नाही त्यांना कधीच कळत नाही.

२०२३ मध्ये टेलिग्राफ कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा आला. १३८ वर्षांनी सगळं नव्याने लिहायची संधी होती. टॅपिंगच्या कलमाची सुरुवात वाचा: 'सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी'. तारेपासून स्मार्टफोनपर्यंत सगळं बदललं आणि हे वाक्य तेवढं कॉपी-पेस्ट झालं. त्याच वर्षीच्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोयही आहे.

*

'टीका सोपी आहे, उपाय सांग', असं कुणीतरी म्हणणारच. सांगतो, तीनच आहेत आणि तिन्ही साधे आहेत.

एक, परवानगी सरकारबाहेरच्या माणसाने द्यावी, म्हणजे न्यायाधीशाने. तातडी असेल तर नंतर सात दिवसांत शिक्कामोर्तब घ्यावं. २६/११ च्या रात्री एटीएसचं एक मिनिटही यात वाया गेलं नसतं.

दोन, तपास संपल्यावर आणि काही निघालं नाही तर त्या माणसाला कळवावं की तुझा फोन अमुक काळ ऐकला. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात ही तरतूद आहे, टॅपिंग संपल्यावर साधारण ९० दिवसांत. (तिथेही सगळं आलबेल नाही, हे २०१३ मध्ये स्नोडेनने जगाला दाखवलंच. पण साध्या फौजदारी तपासातलं टॅपिंग तिथे न्यायाधीशाकडून जातं आणि त्याचे वार्षिक आकडे छापले जातात.)

तीन, आकडे जाहीर करावेत. नावं नकोत, नंबर नकोत. किती अर्ज, किती मंजूर, किती नामंजूर, किती प्रकरणांत त्यातून पुरावा मिळाला. यातलं बरंचसं, म्हणजे अर्जांचे आकडे, महाराष्ट्रात नव्याने मागायचंही कारण नाही. मकोकाच्या कलम २७ मध्ये ते १९९९ पासून लिहिलेलं आहे.

१९४३ मध्ये केशव तळपद्यांना कोर्टाने न्याय दिला आणि सहा दिवसांत वटहुकूम आला, कारण त्या सरकारला विचारणारं सभागृह नव्हतं. आपल्याकडे ते आहे, त्यात आपण निवडून दिलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या टेबलावर हा अहवाल दर वर्षी आलाच पाहिजे असं कायदाच सांगतो. तेव्हा पुढच्या वेळी तुमचे आमदार मत मागायला सोसायटीत आले, तर पाणी, रस्ते आणि पार्किंगचं झालं की एक प्रश्न आणखी विचारा: साहेब, मकोकाचा गेल्या वर्षीचा कलम २७ चा अहवाल तुम्ही वाचला का? त्यात नामंजूर झालेले अर्ज किती होते?

तो नामंजुरीचा आकडा शून्य असेल, तर आपल्याकडे परवानगी देणारं कुणी नाही, नुसता शिक्का मारणारं आहे, असं समजायला हरकत नाही.